चौथी गोळी

मे महिना. सकाळचे दहाच वाजलेत, पण सावरगावचा रस्ता आताच चटके देतो. जाम नदीत पाणी नावालाच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते, दोन्ही काठांची दगडफेक. आज पात्रात शेळ्या हिंडताहेत. पूल ओलांडला की पांढुर्णा. माझ्या पुढे दोघे-तिघे तोंडाला दुपट्टा बांधून चाललेत. उन्हासाठी असेल. दवाखान्याच्या आवारात शिरूनही ते दुपट्टा सोडत नाहीत, तेव्हा कळतं.

टीबीची खोली अगदी टोकाला. बाहेर कडुनिंबाखाली बाक. आत पंखा आवाज करतो, वारा देत नाही. भिंतीवरचा तक्ता हिंदीत, बाकावरचं बोलणं मराठीत. बोलणंही बेताचंच. खोकला आला की माणूस उठून लांब जातो.

दारातच वजनकाटा. इथे आधी माणूस मोजतात, मग गोळ्या. 25 ते 34 किलोला दोन, 35 ते 49 ला तीन, 50 ते 64 ला चार. रोज, एकाच वेळी. एकेका गोळीत चार औषधं. दोन महिन्यांनी त्यातलं एक गळतं, उरलेली तीन पुढे चार महिने.

संत्र्याच्या बागेत राबणारा एक पोरगा टेबलाशी उभा आहे. आवाज अगदी खाली.

"मॅडम, लघवी लाल होऊन रायली. मले वाटलं रक्तच जाते. आठ दिवस बंद केल्या."

मॅडम त्याच्या बनियनच्या काखेकडे बोट दाखवतात. घामाचा डाग नारिंगी आहे. रिफाम्पिसिनचा हा रंग. लघवीत उतरतो, घामात, आसवांतही. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते आठ दिवसांच्या खंडाने. पोरगा डागाकडे बघत राहतो.

त्याच्यामागची बाई बाकावरून उठते आणि पुन्हा बसते. गळ्यात काविळीची माळ. मॅडमची नजर आधी माळेवर जाते, मग डोळ्यांवर. पांढरं पिवळं पडलंय.

"किती दिवस झाले?"

"ओकाऱ्या चालूच आहेत जी. अन्नाचा वासही नको वाटते. सासू म्हणे, गोळ्या गरम पडल्या."

"मग गोळ्या?"

"घेऊन रायली नं. एक दिवस चुकवू नको म्हटलं होतं तुम्ही."

खोलीत पंख्याचाच आवाज. टीबीच्या गोळ्या यकृताला सोसल्या नाहीत, तर अशी कावीळ होते. मॅडम पाकीट ओढून घेतात. "आजपासून सगळ्या बंद. रक्त तपासू. डॉक्टर सांगतील तेव्हाच, एकेक करून." मग स्वतः उठून तिला डॉक्टरांकडे नेतात. रांग थांबते. लाल दिसलं म्हणून एकाने थांबवल्या, पिवळं दिसूनही एकीने चालू ठेवल्या. दोघांची कार्डं टेबलावर शेजारी शेजारी पडलीत.

मॅडम परततात. पुढे एक आजी. तळपायाला मुंग्या येतात. आयसोनियाझिडमुळे असं होतं, म्हणून सोबत बी-6 ची छोटी गोळी असते.

"ती खाता नं, आजी?"

"ताकदीची होय म्हणून नातवाले देतो."

मॅडम कपाळाला हात लावतात. मग आपलं मनगट पुढे करतात. "कोणत्या रंगाच्या?"

"हिरव्या."

"अन् ही?" बांगड्यांत एक लाल आहे. आजी डोळे बारीक करते, वाकते, बोट ठेवते. "लाल." मॅडम कार्डावर खूण करतात. इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर उतरलं, तर लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो. आजीची नजर अजून शाबूत आहे.

बारा वाजत आलेत. काट्यावर पन्नाशीचा एक हमाल चढतो. पहिल्या दिवशीची नोंद 46, आज 51. मॅडम हसतात, तोही हसतो. हातावर गोळ्या पडतात तशी तो मोजतो. एक, दोन, तीन, चार.

"बरा होऊन रायलो, अन् गोळी काहून वाढवता?"

"भाऊ, वजन वाढलं. तीन आता पुरत नाहीत."

तो गोळ्या टेबलावर ठेवतो. चपला काढतो, खिशातली तंबाखूची डबी बाजूला ठेवतो आणि पुन्हा काट्यावर चढतो. काटा थरथरतो, थांबतो. पन्नासच्या पुढेच.