बिल्ला पाहू नका, बॉनेट उघडा

कॅडेट मित्रांनो, आलिशान गाडी देशी चांगली की परदेशी, हा वाद चेन्नईत मी नेहमी ऐकतो. उत्तराआधी मी दोन जुन्या गाड्या ताडून पाहायला सांगतो.

१९८५ मध्ये इथल्याच स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ काढली. बॉडी ब्रिटिश रोव्हर एसडी-१ ची. त्या रोव्हरला १९७७ चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ किताब मिळाला होता. रोव्हर ३५०० मध्ये आठ सिलिंडरांचे, ३५२८ सीसीचे इंजिन होते, ताकद सुमारे १५५ अश्वशक्ती. मद्रासच्या गाडीत मात्र चार सिलिंडरांचे १९९१ सीसीचे जुने इंजिन बसवले. त्याच घराण्यातले इंजिन पूर्वी फर्ग्युसन ट्रॅक्टर ओढत असे. ताकद जवळपास निम्मी. गाडी चालली नाही आणि १९८८ मध्ये उत्पादन थांबले.

हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसाही १९८४ मध्ये अशीच आली: बॉडी ब्रिटिश व्हॉक्सहॉलची, इंजिन अँबेसिडरचे १४८९ सीसी. पण पुढे तिला जपानी इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले आणि ती २००२ पर्यंत टिकली.

जर्मन बीएमडब्ल्यूचा कारखाना २००७ पासून चेन्नईजवळ आहे; तिथे ७ सीरीजचीही जुळणी होते. मग तिला देशी म्हणायचे की परदेशी?

म्हणून तीन प्रश्न विचारा: आराखडा कुणाचा, इंजिन कुठले, वजनाला ताकद पुरते का? गणवेश कितीही कडक असला तरी मार्चमध्ये दम लागतो तो छातीचा. गाडीचेही तसेच आहे.