‘मोरीत पाय घसरला’

“डॉक्टर, मोरीत पाय घसरला,” ती म्हणाली. शेजारी नवरा उभा होता. मी टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि केसपेपरवर ‘पडून जखम’ असे लिहून मोकळा झालो. दीड महिन्याने ती पुन्हा आली, तेव्हा मनगट मोडले होते. त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

पडल्यावर बहुधा गुडघे, तळहात खरचटतात. दंडावर बोटांचे वळ, जुन्या-नव्या जखमा एकत्र दिसल्या, तर संशय घ्यावा. आता मी नातेवाइकांना बाहेर बसवून एकटीला विचारतो. जखमेची जागा, माप आणि तिचे शब्द नोंदवतो. नवऱ्याला बोलावून समज देत नाही. त्याचा राग घरी तिच्यावरच निघतो.

पण एकटा डॉक्टर पुरत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकारी तिची तक्रार न्यायालयापुढे नेतात. शेजारी, आशाताई, अंगणवाडीताई, कोणीही त्यांना कळवू शकते. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. ‘सखी’ केंद्रात तात्पुरता निवारा, समुपदेशन, कायद्याचा सल्ला आणि पोलिसांची मदत एकाच ठिकाणी मिळते. महिला हेल्पलाइन १८१. जिवावर बेतले असेल तर ११२.

मात्र जिवाचा धोका नसेल तेव्हा तिला विचारूनच पाऊल टाका. चिठ्ठी घरी सापडली तर मार वाढतो, म्हणून नंबर तोंडपाठ करून घ्या. आणि भिंतीपलीकडून ओरडणे ऐकू आले, तर ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून आपले दार लावून घेऊ नका.