मोह वेचायचा, पण आग न लावता

होळी झाली की आमच्या गडचिरोलीकडे बाया अंधारातच टोपल्या घेऊन जंगलात निघतात. मोह रात्रभर गळतो आणि ऊन चढायच्या आत वेचावा लागतो. मोह म्हटलं की लोकांना आधी दारूच आठवते. आमच्या घरात मात्र तो भाकरीत असतो, लाडवात असतो आणि पावसाळ्यातल्या अडचणीला कामी येतो. गोंड-माडिया गावांत पंडुम करून देवाला दिल्याशिवाय नवं फळ-फूल कोणी तोंडात घालत नाही.

तरीही आमचं एक चुकत होतं. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला आम्ही पेटवायचो. ती आग पुढे जंगलात शिरायची आणि मोहाची कोवळी रोपंही जळायची. आता आम्ही झाडाखाली जाळी नाहीतर जुनी लुगडी शिवून अंथरतो. फुलं मातीत पडत नाहीत, त्यामुळे भाव बरा मिळतो, आणि कंबरही वाचते! फूल वेचल्यानं झाडाचं काही जात नाही. गळतात त्या नुसत्या पाकळ्या, फळ वर फांदीवरच धरतं. त्या फळालाच आम्ही टोळ म्हणतो आणि त्याच्या बियांचं तेल काढतो.

खरी मेहनत वाळवण्यात आहे. पाच किलो ओल्या फुलांचा जेमतेम दीड किलो माल होतो. पहिल्या वर्षी आमच्या गटानं घाई केली, अर्धवट वाळलेला मोह पोत्यात भरला. महिन्याभरात बुरशी आली आणि सगळा माल गुरांपुढे टाकावा लागला. तेव्हापासून मूठ दाबून बघतो. फुलं हाताला चिकटली, की अजून दोन दिवस ऊन.

नीट वाळलेला मोह थांबू शकतो, आपली ताकद तिथेच आहे. पूर्वी एप्रिलमध्ये मीठ-मिरचीसाठी व्यापाऱ्याला द्यायचो आणि पावसाळ्यात तोच मोह त्याच्याकडून चढ्या भावानं घ्यायचो. आता गटाच्या बचतीतून बाईला उचल देतो, माल एकत्र ठेवतो आणि भाव चढल्यावर विकतो. थोड्याचे लाडू करतो. लाडू बाजारात न्यायचे तर अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करून घ्या, नाहीतर कोणीही येऊन अडवतं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. सामूहिक हक्काचा दावा मात्र ग्रामसभेतून करावा लागतो. म्हणून ग्रामसभेला बायांनी जायचंच, आणि मागे बसायचं नाही.

आमच्या ग्रामसभेनं ठरवलंय, झाडावरची सगळी टोळं झोडायची नाहीत, थोडी खाली रुजू द्यायची. मागच्या पावसात उगवलेल्या रोपांना आम्ही काट्यांचं कुंपण घातलंय. त्यांना फूल यायला आठ-दहा वर्षं लागतील. तोवर शेळ्या सांभाळायची पाळी घरोघर लावून दिली आहे.