खेळांचीं परीक्षणें आणि खेळणारांचा संशय

आपल्या घरांतील तरुण मंडळी संगणकावरील एखाद्या खेळाविषयीं तावातावानें वाद घालीत असलेली आपण पाहिली असेल. या वादाचा विषय पुष्कळदां खेळ नसतोच. त्या खेळाची जी स्तुति छापून आली, ती असते. "याला दहांपैकीं नऊ गुण कोणीं दिले ?" "पैसे खाऊन दिले असतील !" असे उद्गार कानीं पडतात. वडील माणसांस हा निव्वळ पोरखेळ वाटतो. मला तसें वाटत नाहीं. नव्या मोठ्या खेळास तीन-चार हजार रुपयेहि पडतात, आणि आमच्या हिंगोलीकडे तो शंभर जीबीचा ऐवज उतरवून घेण्यांत रात्रीच्या रात्री जातात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दिवाळीच्या पैशांतून असाच एक खेळ घेतला. परीक्षणें सारीं उत्तम होतीं; पण त्याच्या लॅपटॉपवर तो खेळ बैलगाडीच्या गतीनें चालूं लागला. त्याचा संताप अनाठायीं होता असें म्हणवत नाहीं. तेव्हां ही स्तुति तयार कशी होते, तें आज पाहूं.

ज्या खेळांवरून हे वाद विशेष पेटतात त्यांस रोल-प्लेइंग, म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ म्हणतात. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचें सारें साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल व फांसे. खेळणारानें योद्धा, मांत्रिक, चोर असें एखादें सोंग घ्यावयाचें, गुहा व राक्षस यांनीं भरलेल्या कल्पित मुलुखांत हिंडावयाचें, आणि प्रत्येक वळणावर काय करावयाचें तें आपण ठरवावयाचें. पुढें हीच रीत संगणकानें उचलली. आपल्या सोंगी भारुडांत सोंग घेणारा एक आणि पाहणारे दुसरे. येथें दोन्ही एकच. म्हणून खेळणारा त्यांत फार गुंततो.

असा खेळ पुरा करावयास चाळीस, साठ, कधीं शंभर तास लागतात. चित्रपटाचा परीक्षक तीन तासांत मोकळा होतो. या खेळाच्या परीक्षकास मात्र प्रकाशक विक्रीच्या थोडे दिवस आधीं एक प्रत फुकट पाठवितो, आणि अमुक दिवशीं अमुक वाजेपर्यंत कांहींहि छापावयाचें नाहीं अशी अट घालतो. त्या घटकेस सर्वांचीं परीक्षणें एकदम बाहेर पडतात. जो मागें राहिला त्याचें लेखन कोणी वाचीत नाहीं. मग बिचारा रात्रीचा दिवस करून मुख्य कथा कशीबशी संपवितो व लिहावयास बसतो. त्यानें लिहिलेलें खोटें नसतें. पण नोकरी सांभाळून रोज दोन तास खेळणाऱ्या माणसास दुसऱ्या महिन्यांत जो कंटाळा येतो, तो या परीक्षकाच्या वाट्यास आलेलाच नसतो.

याहून मोठी अडचण पोलंडांतील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या 'सायबरपंक २०७७' या खेळाच्या वेळीं दिसून आली. हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं विक्रीस आला. तत्पूर्वीं परीक्षकांस जी प्रत दिली ती केवळ संगणकासाठीं होती, आणि स्वतः टिपलेलीं चित्रें दाखविण्याची त्यांस प्रारंभीं मुभा नव्हती. चांगल्या संगणकावर खेळ डौलदार दिसला. गुणांचा पाऊस पडला. परंतु असंख्य गिऱ्हाइकांजवळ प्लेस्टेशन ४ सारखीं जुनीं यंत्रें होतीं, आणि त्यांवर खेळ अडखळे, बंद पडे, माणसें हवेंत तरंगत. अवघ्या आठवड्याभरांत सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढून टाकला व पैसे परत करूं केले. २०२१ च्या जूनपर्यंत तो तेथें पुन्हां आला नाहीं. पुढें दुरुस्त्या होतां होतां त्याचें नांव सुधारलें, ही गोष्ट निराळी. येथें परीक्षकानें लांच घेतली नव्हती. त्याला जें दाखविलें तें त्यानें पाहिलें, आणि न दाखविलेल्या भागाबद्दल तो गप्प राहिला. मात्र "मला एवढेंच दाखविलें" हें वाक्य ज्यांनीं मोठ्या अक्षरांत लिहिलें नाहीं त्यांस मी दोष देईन.

आतां गुणांविषयीं. चौतीस वर्षें मुलांस गुण देण्यांत घालविल्यामुळें मला या भागांत विशेष गोडी वाटते, ती श्रोत्यांनीं सोसून घ्यावी. आमच्या शाळांतून शंभरांत पस्तीस मिळाले कीं मूल उत्तीर्ण. खेळांच्या परीक्षणांत दहांपैकीं सात मिळाले कीं खेळ सामान्य, असें समजण्याचा प्रघात पडला आहे. म्हणजे खालचीं सहा घरें बहुधा रिकामींच. असें कां व्हावें ? 'मेटाक्रिटिक' नांवाची एक संस्था निरनिराळ्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढून प्रसिद्ध करते, आणि तिच्यावर माणसांचें उत्पन्न अवलंबून असूं शकतें. २०१० सालीं निघालेल्या 'फॉलआउट : न्यू वेगस' या खेळाच्या कर्त्यांस सरासरी ८५ झाल्यास बक्षीस मिळावयाचें होतें, सरासरी भरली ८४, आणि बक्षीस गेलें. त्या खेळाचा एक कर्ता ख्रिस ॲव्हेलोन यानें ही हकीगत २०१२ सालीं स्वतः सांगितली. एका गुणानें एखाद्याच्या घरचा दिवा मालवतो हें ठाऊक असल्यावर हात सैल सुटतो. मीहि चौतीसांचे पस्तीस केले आहेत.

उघड दडपणाचीं उदाहरणेंहि आहेत, पण खेळणारे समजतात तितकीं नव्हेत. २००७ सालीं 'गेमस्पॉट' या संकेतस्थळाच्या जेफ गर्स्टमन या संपादकानें 'केन अँड लिंच' या खेळास दहांपैकीं सहा गुण दिले. त्याच खेळाच्या जाहिराती तेथें सर्वत्र झळकत होत्या. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. खरें कारण त्यास २०१२ सालीं उघडपणें सांगतां आलें.

पण परीक्षक व लोक यांचें मत जुळलें नाहीं, एवढ्यावरून परीक्षक विकला गेला असें ठरत नाहीं. अद्भुताची आवड आपल्याकडे नवी नाहीं. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली, आणि तिच्या मागोमाग तशा चमत्कृतिपूर्ण कादंबऱ्यांची रीघ लागली. लोकांस त्या प्रिय होत्या. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं मात्र १८७२ च्या आपल्या 'नावल व नाटक' यांवरील निबंधांत त्यांच्यावर कठोर टीका केली. तेथें लोक खुष, टीकाकार नाखुष. २०२४ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या 'ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड' या भूमिका-खेळाच्या बाबतींत उलट झालें. समीक्षकांची सरासरी शंभरांत ऐंशीच्या आसपास, तर मेटाक्रिटिकवर सामान्य लोकांची दहांत चारांच्या आसपास. "पाहा, समीक्षक विकले गेले !" असा गजर झाला. परंतु मेटाक्रिटिकवर मत देणारानें खेळ विकत घेतला कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. 'स्टीम' नांवाच्या दुकानांत खेळ स्वतःच्या खात्यांत असल्याविना मत नोंदवितां येत नाहीं, आणि किती तास खेळला तो आंकडा मताशेजारीं छापला जातो. तेथें निम्म्याहून पुष्कळ अधिक लोकांनीं त्याच खेळास अनुकूल मत दिलें. अतिस्तुतीप्रमाणें अतिनिंदेचीहि टोळी असते, हें आमच्या तरुणांनीं विसरूं नये.

आणखी एक प्रकारची स्तुति आहे, आणि ती आपल्या अंगणांतली आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं 'राजी' नांवाचा खेळ रचला. काटेकोरपणें पाहतां तो भूमिका-खेळ नव्हे. कसरती करणारी एक मुलगी, दैत्यांनीं पळविलेला तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि तिला शस्त्र देणारी दुर्गा, अशी ती अद्भुत साहसकथा आहे. २०१७ सालीं त्यांनीं लोकवर्गणीनें १,२०,००० पौंड उभे करण्याचा यत्न केला, तो फसला. तरी नेट धरून २०२० च्या ऑगस्टांत त्यांनीं खेळ बाहेर काढलाच. त्यांतील चित्रकामाची व राजस्थानी धर्तीच्या वास्तूंची वाखाणणी सर्वत्र झाली, आणि त्या वर्षींच्या गेम अवॉर्ड्‌समध्यें पहिल्या कृतीच्या बक्षिसासाठीं त्याचें नांव निवडलें गेलें. दुसऱ्या बाजूस लढाई जड चालते, खेळ पांच-सहा तासांत आटपतो, शेवट तुटल्यासारखा होतो, हेंहि परीक्षकांनीं लिहिलें. आपल्याकडे मात्र "भारतीय खेळ आहे, उणें बोलूं नका" असाहि सूर निघाला.

मला हा सूर पसंत नाहीं. विद्यापीठ ग्रेस गुण देतें, पण ते गुणपत्रिकेंत खूण घालून दाखवितें. गुपचूप मिसळून देत नाहीं. परक्याचा खेळ आणि आपला खेळ मुलगा सारख्याच रुपयांनीं घेतो. शिवाय कर्त्यांसहि दोष ऐकण्याची तयारी असते: पुण्याच्या या मंडळींनीं २०२२ सालीं 'राजी'ची सुधारलेली आवृत्ति काढली, तींत हिंदी संवादहि घातले. नुसता जयजयकार ऐकून कोणी दुरुस्तीस बसलें नसतें.

नियमांनीं थोडी सोय केली आहे. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स कौन्सिलनें २०२१ पासून असा नियम घातला कीं, पैसे किंवा फुकट वस्तु घेऊन इंटरनेटवर स्तुति करणारानें तें स्पष्ट सांगावें; भारतीय मानक ब्यूरोनेंहि २०२२ सालीं ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीं मानक ठरविलें. परंतु घाई, फुकट प्रत, चांगलें यंत्र व आपलेपणा यांचा बंदोबस्त नियमानें होणार नाहीं. म्हणून परीक्षण वाचतांना गुणांचा आंकडा शेवटीं पाहावा. आधीं पाहावें कीं लिहिणारा किती तास खेळला, कोणत्या यंत्रावर खेळला, प्रत विकत घेतली कीं मिळाली. ज्याला खेळ आवडला आणि तरीहि ज्यानें तीन दोष नेमके सांगितले, त्याचें लेखन मी मुलांस आधीं वाचावयास सांगतों. आणि दोन आठवडे थांबावें. खेळ कोठें पळून जात नाहीं.

हिंगोली-वसमतच्या बाजारांत हळदीचा खरेदीदार ढिगांतलें हळकुंड उचलतो, मोडतो, आंतला रंग पाहतो, मग भाव बोलतो. विकणाराच्या वर्णनाकडे त्याचें लक्ष नसतें. खेळ असा मोडून पाहतां येत नाहीं, ही खरी पंचाईत. स्टीमवर त्याला जवळचा एक उपाय आहे: खरेदीस चौदा दिवस झाले नसतील आणि खेळ दोन तासांहून कमी खेळला असेल, तर मागितल्यास पैसे परत मिळतात. पण भूमिका-खेळांत पहिले दोन तास नायकाचें नाक, डोळे व मिशा ठरविण्यांतच निघून जातात. तेव्हां मुलांस सांगावें कीं पहिल्या दिवशीं मिळेल तो चेहरा घ्यावा, नांवहि कांहीं तरी घालावें, आणि सरळ पहिल्या लढाईपर्यंत जावें. आपल्या यंत्रावर तो चालतो कीं नाहीं, तें तेथें कळतें.