वेळ झाली, बंद हो!
आपोआप शटडाउनच्या दहा चटपटीत गोष्टी

दुकानाचं शटर ठरल्या वेळी खाली येतं. संगणकाचं शटडाउन मात्र बहुतेक ऑफिसांत कुणाच्या तरी आठवणीवर सोडलेलं असतं. साठ वॅट खाणारा संगणक रात्रीचे बारा तास रिकामा चालू राहिला, तर महिन्याला सुमारे साडेएकवीस युनिटं नुसती उडाली! हे काम घड्याळाकडे सोपवायला एक ओळ पुरते. त्या ओळीमागच्या गमती मात्र पुष्कळ आहेत.

१. बंद हो, पण दहा वर्षांनी
विंडोजच्या कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत ‘शटडाउन /एस /टी ३६००’ असं (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप केलं की तासाभराने संगणक बंद. ‘टी’पुढचा आकडा सेकंदांचा. तो किती मोठा चालतो? थेट ३१,५३,६०,००० सेकंद, म्हणजे ३६५ दिवसांची दहा वर्षं! आकडाच दिला नाही, तर ३० सेकंदांची मुदत मिळते. शिवाय ‘/सी’ लावून ५१२ अक्षरांपर्यंतचा निरोपही पडद्यावर झळकवता येतो. ‘फाइली सेव्ह करा, पाच मिनिटांत बत्ती गुल’ एवढं लिहायला तेवढी जागा भरपूर झाली.

२. दोन अक्षरी ब्रेक
सुरू झालेली उलटी मोजणी ‘शटडाउन /ए’ने थांबते. ही कमांड जगभर गाजली ती ऑगस्ट २००३ मध्ये. ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म विंडोज एक्सपीच्या यंत्रांत शिरला, की ६० सेकंदांत रीस्टार्टची धमकी पडद्यावर यायची. दुरुस्तीची फाइल उतरवायची म्हटलं तर यंत्र मिनिटभरसुद्धा टिकेना. तेव्हा जाणकार मंडळी घाईघाईने हीच ओळ ठोकायची आणि उसंत मिळवायची.

३. माउसपेक्षा कमांड कडक
विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर मेनूतून ‘शट डाउन’ दाबूनही यंत्रणेचा गाभा पुरता बंद होत नाही. तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. म्हणून रोज बंद होणाऱ्या संगणकाचा टास्क मॅनेजरही कधीकधी ‘गेले कित्येक दिवस सलग चालू’ असं खुशाल सांगतो. ‘शटडाउन /एस’ मात्र खरंखुरं, पूर्ण बंद करते. अर्धवट बंद हवं असेल, तर तिला ‘/हायब्रिड’ असं मुद्दाम सांगावं लागतं.

४. टायमर दयामाया दाखवत नाही
‘टी’चा आकडा शून्याहून मोठा असला, की ‘/एफ’ म्हणजे जबरदस्ती आपोआप लागू होते. मग उघडी एक्सेल फाइल सेव्ह झाली आहे की नाही, हे कुणी विचारत बसत नाही. वेळ लावण्याआधी वर्ड-एक्सेलचं ऑटोसेव्ह चालू आहे ना, एवढं पाहिलेलं बरं.

५. लॅपटॉपची पळवाट
रोज रात्री अकराला बंद करायचं, तर विंडोजमध्ये ‘टास्क शेड्युलर’ आहेच. त्याचा पूर्वज ‘सिस्टिम एजंट’ १९९५ मध्ये विंडोज ९५ सोबतच्या, वेगळ्या विकत मिळणाऱ्या ‘प्लस!’ पॅकमधून आला. या शेड्युलरच्या दोन खोड्या ध्यानात ठेवा. एक, ‘यंत्र विजेवर असेल तरच काम सुरू करा’ ही खूण आधीपासूनच केलेली असते. चार्जर काढलेला लॅपटॉप त्यामुळे अकराचे बारा वाजले तरी ढिम्म हलत नाही. दुसरी त्याहून खट्याळ. ‘वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर करा’ असं तुम्ही सांगून ठेवलंत, तर रात्रीचं हुकलेलं शटडाउन सकाळी यंत्र चालू केल्यावर अंगावर येऊ शकतं!

६. लिनक्सला बंद करायला वाढदिवस लागतो
लिनक्सच्या गाभ्याला ‘बंद हो’ किंवा ‘रीस्टार्ट हो’ सांगताना दोन ठरलेले आकडे द्यावे लागतात, चुकून बटण दाबल्यासारखं होऊ नये म्हणून. पहिला आकडा सोळाच्या पायावरच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत लिहिला, की ‘फील डेड’ असा वाचता येतो. दुसरा तसाच लिहिला, की दिसतो २८१२१९६९. म्हणजे २८ डिसेंबर १९६९, लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याची जन्मतारीख! या दुसऱ्या आकड्याला आणखी तीन पर्याय चालतात, आणि त्या त्याच्या तीन मुलींच्या जन्मतारखा आहेत.

७. मॉलीचं कुंपण
आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर शटडाउनची वेळ लावली, की शेवटच्या पाच मिनिटांत साध्या वापरकर्त्यांना लॉगिनच करता येत नाही. पण दूरवरून चुकीचाच सर्व्हर बंद केला तर? त्यासाठी डेबियनवर ‘मॉली-गार्ड’ मिळतं. ते आधी विचारतं, ‘कोणतं यंत्र बंद करताय, नाव सांगा.’ संगणकवाल्यांमध्ये सांगितली जाणारी गोष्ट अशी, की मॉली ही एका प्रोग्रॅमरची चिमुरडी लेक. तिने आयबीएम ४३४१ या मोठ्या यंत्राचं लाल बटण एका दिवसात दोनदा दाबलं आणि मग त्या बटणावर प्लास्टिकचं झाकण बसलं.

८. क्रॉनला दोन रविवार
युनिक्स-लिनक्सचा वेळापत्रकवाला म्हणजे ‘क्रॉन’. १९७० च्या दशकापासून तो ड्यूटीवर आहे. मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशी पाच घरं भरली, की तो कामाला लागतो. वाराच्या घरात ० लिहा किंवा ७, दोन्हींचा अर्थ रविवारच. पुण्यात बसून परदेशातला सर्व्हर सांभाळणाऱ्यांची फजिती वेगळीच. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपण साडेपाच तास पुढे. आपल्या रात्री अकरासाठी त्याला १७:३० सांगावं लागतं. आणि सोमवारी पहाटे दोनला बंद करायचं, तर तिथे वार रविवार लिहावा लागतो!

९. मॅकचे विचित्र वार
मॅकवर याच कामासाठी ‘पीएमसेट’ ही कमांड आहे. वार एकेका इंग्रजी अक्षराने लिहायचे. ‘टी’ मंगळवारने पटकावल्यामुळे गुरुवारला ‘आर’ मिळाला आणि ‘एस’ शनिवारने घेतल्यामुळे रविवारला ‘यू’. २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीत वेळ लावायची सोपी खिडकी सेटिंग्जमधून गायब झाली, कमांड मात्र शाबूत राहिली.

१०. बंद केलं तरी मीटर चालू
क्लाउडवर खरा पैसा वाचतो. आठवड्याचे तास १६८. चाचणीचा सर्व्हर रोज दहा तास, पाच दिवस लागत असेल, तर कामाचे फक्त ५० तास. उरलेल्या ११८ तासांचं भाडं, म्हणजे सत्तर टक्के, वाचू शकतं. मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲझ्युर’ क्लाउडवर मात्र एक खाचखळगा आहे. सर्व्हरच्या आत शिरून शटडाउन केलं, तर तो नुसता ‘थांबलेला’ राहतो आणि भाडं चढतच जातं. बाहेरून, पोर्टलमधून किंवा तिथल्या ऑटो-शटडाउनने थांबवला, तरच तो ‘मोकळा’ होतो आणि मीटर थांबतं. डिस्कचं भाडं तेव्हाही लागतंच.

आणि माणसावर विसंबलं तर?
१४ सप्टेंबर २००४. लॉस एंजेलिस परिसरातल्या हवाई नियंत्रण केंद्राचा सुमारे चारशे विमानांशी असलेला रेडिओ संपर्क तुटला. कारण, यंत्रणेतला एक काउंटर सुमारे ४२९ कोटी मिलिसेकंदांनी, म्हणजे ४९.७ दिवसांनी, संपायचा. म्हणून दर तीस दिवसांनी माणसाने हाताने रीस्टार्ट करायचं, असा नियम होता. त्या वेळी ते राहून गेलं, आणि पर्यायी यंत्रणाही कोसळली. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ साठीही असाच आदेश काढला. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरची नियंत्रक यंत्रं एकदम बंद पडू शकतात, त्याआधी ती बंद करून पुन्हा चालू करा!

तेव्हा हे काम आठवणीवर ठेवू नका. आज रात्रीच एक टास्क लावा, दहा मिनिटांची मुदत आणि एक निरोप द्या, लॅपटॉप असेल तर चार्जरची खूण काढा. आणि ‘शटडाउन /ए’ एका चिठ्ठीवर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. उशिरापर्यंत काम करायची वेळ आली, तर तीच कामी येईल.