तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल घरी करताना



तान्हा पोळा आला की आपल्या नागपूर जिल्ह्यात घराघरांतून लाकडी बैल बाहेर निघतात. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं बैल सजवून दारोदारी फिरतात, बोजारा मागतात. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या पाच जणींनी ठरवलं, हे बैल आपणच करून विकू. गटातून कर्ज काढलं, फळ्या आणल्या, ३० बैल केले. रंग दिल्यावर पंधरा दिवसांत ११ बैल तडकले. कोणाची पाठ उलली, कोणाची मान. हप्ता काही थांबत नाही. तो आम्ही सोयाबीन सोंगणीच्या मजुरीतून भरला.

हात आमचा वाईट नव्हता. लाकूड ओलं होतं.

ताज्या कापलेल्या फळ्या स्वस्त मिळाल्या म्हणून आम्ही मे महिन्यात घेतल्या आणि टिनावर उन्हात टाकल्या. आठ दिवसांत वरून खडखडीत दिसायला लागल्या. गावातल्या सुतारकाकांनी तेव्हाच म्हटलं होतं, "लाकूड का पापड हाय बाई, दोन दिवसांत वाळाले?" आम्ही हसण्यावारी नेलं. लाकूड लांबीत फारसं आखडत नाही, पण आडवं चांगलंच आखडतं. वरचा भाग वाळून आखडतो, आतला ओला भाग तसाच फुगलेला राहतो आणि या ओढाताणीत फळी फाटते. त्यात पावसात रंग वाळेना म्हणून आम्ही बैल चुलीच्या उबेला ठेवले. म्हणजे उरलीसुरली कसर तिथे निघाली.

फळ्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवायच्या. दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालायच्या. दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला रंग फासायचा, कारण ओल टोकांतून सगळ्यात लवकर निघते आणि तडा तिथूनच सुरू होतो. एक इंच जाड फळीला वर्षभर लागतं असा साधारण हिशोब आहे. पण अंदाजावर राहू नका. फळीवर खडूने नंबर टाका आणि दर आठवड्याला किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. वजन उतरत आहे तोवर फळी ओली आहे. लागोपाठ तीन-चार आठवडे तेच वजन आलं की करवत लावा.

वर्षभर थांबायचं नसेल तर जुनं लाकूड शोधा. गावोगाव घरकुलं होत आहेत, मातीची घरं पडत आहेत आणि त्यांच्या चौकटी, फाटे, दारं चुलीत जात आहेत. त्यात चाळीस-पन्नास वर्षांचा वाळलेला सागवान असतो! तो जळताना पाहून माझा तर जीव तुटतो. फक्त करवत लावण्याआधी खिळे काढून घ्या, आणि जुना रंग असेल तर कोरडा घासू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, त्याची धूळ लेकरांच्या पोटात गेली तर बुद्धीवर परिणाम होतो. ओलं करून खरवडा आणि खरवड चुलीत टाकू नका.

आता कापणी. पुठ्ठ्यावर बैलाचा एका बाजूचा आकार काढा. तो फळीवर ठेवताना लाकडाच्या रेषा पायांच्या दिशेने, म्हणजे उभ्या आल्या पाहिजेत. आडव्या रेषांवर कापलेला पाय पोराच्या हातून एकदा पडला की मोडतो. शिंगं आणि शेपटी वेगळी करून गिरमिटाने भोक पाडून बसवा. वशिंडाचा गोलावा आधी पटाशीने, मग कानशीने. पॉलिश पेपर ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०, आणि घासायचं ते रेषांच्या दिशेनेच. आडवं घासलं तर ओरखडे रंगाखालूनही दिसतात. पटाशी धरताना दुसरा हात कधीही धारेच्या पुढे नको. नाकातोंडाला रुमाल बांधाच, सागवानाच्या भुशाने शिंका येतात आणि कोणाकोणाच्या अंगाला खाज सुटते. मशीन वापरत असाल तर पदर खोचलेला आणि बांगड्या काढलेल्या.

चाकांचं एक ध्यानात ठेवा. पोळा ऐन पावसाळ्यात येतो आणि वाळलेलं लाकूडही दमट हवेत थोडं फुगतं. दांडी ८ मिलिमीटरची असेल तर चाकाचं भोक ९ चं पाडा. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं चाक तान्ह्या पोळ्याला फिरतच नाही.

रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. सुटा, बिनलेबलचा रंग कितीही स्वस्त मिळाला तरी नको, लहान लेकरं शिंग तोंडात घालतातच.

दोन गोष्टी कायद्याच्या. साग, आंबा, मोह, चिंच ही झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आरागिरणीतून लाकूड घेतलं तर बिल मागा, आणि जपून ठेवा. दुसरं म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून बैल विकायचे असतील तर करणाऱ्या ताईने आधी कारागीर ओळखपत्राचा अर्ज भरावा. ग्रामसंघाच्या बैठकीत विषय काढला तर पाच-सहा जणींचे अर्ज सोबतच भरता येतील.

आणि हो, पोळा झाला की या बैलाकडे वर्षभर कोणी पाहत नाही. जितक्यांची मागणी पक्की तितकेच करा. उरलेल्या तुकड्यांचे पोळपाट आणि खुंट्या निघतात, पोळपाटाला मात्र रंग देऊ नका.

आमच्या या वर्षीच्या फळ्या समाजमंदिराच्या पडवीत रचल्या आहेत. सात नंबरच्या फळीचं वजन गेल्या आठवड्यात ६० ग्रॅम उतरलं. म्हणजे ती अजून ओली आहे.