कोरड्या मातीतील डर्ट जंप : पाणी, घनता आणि कोन

या टिपणात आपण मृदा यांत्रिकी आणि प्रक्षेप्य गती हे दोन विषय एकाच मातीच्या ढिगाऱ्यावर एकत्र आणणार आहोत. हा ढिगारा म्हणजे सायकलने उडी मारण्यासाठी बांधलेला डर्ट जंप. १९७० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात मुले मोटोक्रॉसची नक्कल करत मोकळ्या जागांत सायकली उडवू लागली. त्यातून बीएमएक्स हा खेळ आकाराला आला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यतींचा समावेश झाला. आता आपल्याकडेही अनेक विद्यार्थी असे जंप स्वतः बांधतात. उन्हाळ्यात बांधलेला जंप मात्र लवकर ढासळतो. असे का होते आणि त्यात धोका कोणता, ते पाहू.

१. कोरडी माती का टिकत नाही?

ओलसर मातीत कणांच्या सांध्यांवर पाण्याचे पातळ पडदे असतात. त्यांच्या केशिका ताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. वाळूचा किल्ला उभा राहतो तो यामुळेच. पाणी उडून गेले की वाळूतील ही ओढ संपते. गाळमातीची धूळ होते. चिकणमाती वाळल्यावर कठीण होते खरी, पण आकसते आणि तिला भेगा पडतात.

म्हणून प्रथम माती ओळखा. राजस्थानातील वाऱ्याने आलेली बारीक वाळू एकटी उपयोगाची नाही. तिच्यात चिकणमाती मिसळावी लागते. दख्खनची काळी माती उलट टोकाची आहे. ती ओलाव्याने फुगते, वाळल्यावर आकसते. तिच्यात मुरूम किंवा वाळू मिसळावी. वाळू आणि चिकणमाती दोन्ही असलेली तांबडी माती या कामाला सहसा सोयीची पडते.

२. पाणी किती घालावे?

रॅल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवलेला नियम येथे लागू होतो. ठोकण्याची ऊर्जा तीच ठेवली, तर एका ठरावीक ओलाव्याला मातीची शुष्क घनता सर्वाधिक होते. हाच इष्टतम ओलावा. त्यापेक्षा पाणी कमी असेल तर कण सरकत नाहीत. जास्त असेल तर पोकळ्यांत पाणीच भरून राहते आणि माती दबत नाही. प्रयोगशाळेत तुम्ही आयएस २७२०, भाग ७ नुसार २.६ किलोचा ठोकळा ३१० मिमी उंचीवरून टाकून, ३ थरांत प्रत्येकी २५ ठोके देऊन हीच चाचणी करता.

समजा, मातीत ४% ओलावा आहे आणि इष्टतम ओलावा १४% आहे. १०० किलो मातीत कोरडे कण सुमारे ९६ किलो. त्यांच्या १०% म्हणजे सुमारे ९.६ लिटर पाणी घालावे लागेल.

जागेवर मुठीची चाचणी पुरते. माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने दाबल्यावर त्याचे दोन-तीन स्वच्छ तुकडे झाले, तर ओलावा योग्य. भुगा झाला तर पाणी कमी. तळव्याला चिकटली तर जास्त.

३. बांधणीचा क्रम

- खणायच्या जागेवर आदल्या संध्याकाळी पाणी सोडा. रात्रभर मुरलेले पाणी ढिगावर ओतलेल्या पाण्यापेक्षा अधिक सारखे पसरते.
- सैल मातीचा सुमारे १५ सेंमी जाडीचा थर पसरा आणि धुम्मसाने ठोका.
- पुढचा थर टाकण्यापूर्वी खालचा पृष्ठभाग कुदळीने खरवडून पाणी शिंपडा, नाहीतर थर सुटे राहतात.
- हव्या आकारापेक्षा थोडे मोठे बांधा आणि फावड्याने तासून आकार द्या. मागाहून लावलेले पातळ लिंपण पापुद्र्यासारखे निघते.
- शेवटी ओली गोणपाटे टाका. काँक्रीटच्या क्युरिंगप्रमाणे सावकाश वाळू दिले, तर भेगा कमी पडतात.

४. कोन बदलला तर काय होते?

खालील गणितात सायकल आणि स्वार मिळून एक बिंदू मानला आहे, हवेचा रोध सोडून दिला आहे. टेक-ऑफची कड आणि लँडिंगचा माथा एकाच उंचीवर आहेत. टेबल, म्हणजे मधला सपाट भाग, ४.५ मीटर लांब आहे. त्यापुढे ३०° उतार आहे. कडेवरचा वेग ७ मीटर प्रतिसेकंद.

टेक-ऑफचा वक्र ३ मीटर त्रिज्येचा आणि कडेचा कोन ४०° असेल, तर कडेवर वजनाच्या जवळजवळ अडीचपट बल येते. स्वारासह ८० किलोची सायकल तेथे सुमारे १९० किलोग्रॅम-बल इतका दाब देते, तोही टायरच्या लहानशा स्पर्शक्षेत्रावर. म्हणून सैल माती सर्वांत आधी कडेवरच सुटते.

४०° कोनात सायकल समान पातळीवर ४.९ मीटर जाऊ शकते, म्हणजे टेबल ओलांडून उतारावर पडते. उताराला लंब असलेला वेगच धक्का देतो; तो सुमारे २६ सेंमीवरून सरळ खाली पडण्याइतका येतो. उतार नसता आणि सर्व सपाट असते, तर हाच धक्का १ मीटरवरून पडण्याइतका झाला असता.

आता कड झिजून कोन ३०° झाला असे समजा. उंची आणि वेग तेच धरले, तरी सायकल ४.३ मीटरवरच खाली येते. म्हणजे ती टेबलाच्या सपाट भागावर, कडेच्या थोडे अलीकडे आदळते. धक्का ६२ सेंमीवरून पडण्याइतका, म्हणजे दुपटीहून अधिक. टेबल भरलेले नसून मध्ये खड्डा असेल, तर पुढचे चाक लँडिंगच्या भिंतीवरच धडकेल. स्वाराने काहीही चूक केलेली नसते. कोरडी पडलेली कड त्याला कमी अंतरावर टाकते.

म्हणून प्रत्येक वेळी उडीपूर्वी कडेचा कोन मोजा. मोबाइलमधील लेव्हल पुरते. पृष्ठभागावर हलके पाणी शिंपडा. झीज दिसली तर कोरडी माती टाकून सपाट करू नका. खरवडा, भिजवा, ओलसर माती ठोका आणि पुन्हा तासा. सुरुवातीला भरलेले टेबलच बांधा. जागामालकाची परवानगी आणि हेल्मेट यांना पर्याय नाही.

स्वाध्याय

१. ५% ओलाव्याची १५० किलो माती १५% पर्यंत नेण्यास किती पाणी लागेल? (उत्तर : सुमारे १४.३ लिटर)

२. वरील जंपची कड झिजून कोन ३५° झाला, तर सायकल टेबलावर पडेल की उतारावर? (उत्तर : समान पातळीवरील पल्ला सुमारे ४.७ मीटर, म्हणून उतारावर)

३. तुमच्या परिसरातील मातीवर मुठीची चाचणी करा. तिच्यात काय मिसळावे लागेल, ते कारणासह लिहा.